माझ्या कोर्टावर टायब्रेकर नव्हता

मी आयुष्यात टेनिसची रॅकेट एकदाच हातात धरली, ती उंदीर मारायला. उंदीर वाचला. तरी कळंब तालुक्यात टेनिसची माझ्याएवढी माहिती असलेली दुसरी बाई नाही, असं मी म्हणते. कोणी अजून खोडून काढलेलं नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन यवतमाळला आले तेव्हा तिथे साहेबलोकांचा एक क्लब होता, आणि क्लबात मातीचं टेनिस कोर्ट. नवरा तिथे माळी होता. उन्हात माती फुटू नये, धूळ उडू नये म्हणून कोर्टावर शेणाचा पातळ सडा द्यावा लागायचा. मग रूळ फिरवायचा, वाळलं की चुन्याच्या रेषा मारायच्या. हे काम मी तीस वर्षं केलं. साहेब पांढऱ्याशुभ्र पँटी घालून ज्यावर नाचायचे ते शेण होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. कोर्टावर मी अनवाणी कुठेही फिरू शकत होते. क्लबाच्या व्हरांड्यात मात्र आमच्या लोकांनी चढायचं नाही, असं होतं. चढून करायचं तरी काय होतं? साहेबलोक तिथे बसून हरल्याची कारणं सांगायचे. ती खालूनही ऐकू यायची. माझं टेनिसचं सगळं ज्ञान त्या कारणांतून आलं आहे, आणि उरलेलं साहेबांनी टाकून दिलेल्या वर्तमानपत्रांतून.

तेव्हा तहसिलीत एक हेडक्लार्क होते. सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून कचेरीची नोकरी. क्लबात स्पर्धा असली की अंपायरच्या उंच खुर्चीवर बडेबाबूंनाच बसवत, कारण एका साहेबाचा निकाल दुसरा साहेब ऐकत नव्हता. बाबूंनी निकाल दिला की तो फाइलीत आल्यासारखा वाटायचा. तिसरा होता टेलर. तो साहेबांच्या पँटी शिवायचा आणि नेट फाटलं की तेही शिवायचा. आम्हा तिघांपैकी एकानेही कधी चेंडू मारलेला नाही, पण प्रेम बसलं ते बसलं.

आता त्या कोर्टावर मोटारी उभ्या राहतात. बडेबाबू निवृत्त होऊन कळंबला आपल्या घरी आले. टेलरचं दुकान आधीपासून इथेच, गणपतीच्या रस्त्यावर. नवरा गेल्यावर मी मुलीजवळ आले, तीही इथलीच. त्यामुळे दर मंगळवारी आम्ही तिघं टेलरच्या दुकानात टेनिसचे प्रश्न विचारायला बसतो. मंगळवारी रस्त्यावर देवाची गर्दी असते, दुकानात कोणी नसतं. देवाला आलेला माणूस पँट शिवायला टाकत नाही.

आमची पद्धत अशी. टेलरच्या मापाच्या वहीत एका पानावर लोकांच्या कमरा आणि समोरच्या पानावर बडेबाबूंनी सांगितलेले प्रश्न. टेलर प्रश्न वाचतो. मोजणी टेनिससारखीच, पंधरा, तीस, चाळीस, गेम. एका गेममध्ये एकानेच उत्तरं द्यायची, पुढच्या गेममध्ये दुसऱ्याने, जशी सर्व्हिस बदलते तशी. उत्तर बरोबर तर पॉइंट त्याचा, चूक तर समोरच्याचा. मी अंपायर. अंपायर उंच पाहिजे, म्हणून मी इस्त्रीच्या टेबलावर बसते. टेबलावर चढायला मला स्टूल लागतं आणि उतरायला टेलर लागतो.

प्रश्न साधे नाहीत. जुन्या काळी चेंडूत काय भरायचे? केस. चेंडू पांढऱ्याचे पिवळे कायले झाले? टीव्हीवर पांढरा दिसत नव्हता म्हणून. रॅकेटची तार कशाची? जनावराच्या आतड्याची. विलायतेत टेनिसची मोठी स्पर्धा होते त्या हिरवळीवर कबुतरं येऊ नयेत म्हणून कोणाला कामाला ठेवलं आहे? पाळलेल्या ससाण्याला. हे शेवटचं ऐकून टेलर दर वेळी म्हणतो, "पेन्शन भी मिळत असन त्याले."

मागच्या हिवाळ्यात बडेबाबूंचं डोकं घसरू लागलं. गोड बोलून सांगण्यात अर्थ नाही. सकाळी उठून ऑफिसचे कपडे घालायचे. एके दिवशी गॅसवर चहा ठेवला आणि एसटीत बसून बाभुळगावला गेले. तिथे भलत्याच तहसिलीत जाऊन चपराशाला विचारलं, माझी खुर्ची कुठे हलवली? इकडे पातेलं जळून स्वयंपाकघरात धूर. शेजारणीने कुलूप फोडलं, पाणी मी ओतलं. पातेल्याचं बूड गेलं होतं. मग शेजारणीने त्यांच्या मुलाला फोन केला.

मुलगा पुण्याला कंपनीत आहे. पंचेचाळिशीचा, चष्म्याचा, सरळ माणूस. चार दिवसांची रजा टाकून शनिवारी आला. पातेलं पाहिलं आणि बापाला म्हणाला, "बाबा, आता पुण्याला चला. एकटं राहणं बस झालं."

बाबू म्हणाले, "मी काय येडा झालो?"

"तसं नाही. डॉक्टरांना दाखवू एकदा."

"दाखवलं. त्यानं विचारलं, आज वार कोणता. अरे, वार कॅलेंडरवर असते. डोक्यात कायले ठेवू?"

हे सगळं टेलरच्या दुकानातच चाललं होतं. बाबू घरचं भांडण घरी करत नसत, तिथे साक्षीदार मिळत नाही म्हणत. शेवटी ते उठले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, "माझं डोकं पाहाचं आहे ना? ये, बस समोर. एक सेट. मी जिंकलो त मी इथंच राहीन आणि तू हा विषय काढाचा नाही. तू जिंकला त मी पुण्याले येतो."

मुलगा हसला नाही. लहानपणी त्याला बाबूंनी जेवताना हेच प्रश्न विचारले होते. उत्तर आल्याशिवाय पापड नाही. त्या मुलाला टेनिसचा एवढा राग होता की पुण्यात त्याच्या बिल्डिंगीत कोर्ट आहे आणि तो तिकडच्या खिडकीला पडदा लावून बसतो, असं त्यानेच मला सांगितलं. पण उत्तरं सगळी येत होती. आणि बापाला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नव्हतं. त्याला वाटलं, अर्ध्या तासात उरकेल.

"लिहून द्या," तो म्हणाला.

बाबूंनी टेलरकडचा कापायचा खाकी कागद घेतला आणि कचेरीच्या भाषेत करार लिहिला. मी हरल्यास विनातक्रार पुण्यास जाईन. खाली सही, सहीखाली रेघ, रेघेखाली तारीख. तारीख टेलरला विचारून घातली.

मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, घेऊन जा यांना. पाणी मी ओतलं होतं. पण अंपायरला मत नसतं.

रविवारी सकाळी जेवण उरकून सुरुवात झाली. बाबू मोठे म्हणून पहिला गेम बाबूंचा. टेलर विचारत होता आणि बाबू उत्तरं फेकत होते. पंधरा, तीस, चाळीस, गेम. मग मुलगा. त्याचीही चारही उत्तरं बरोबर. पुन्हा बाबू. पुन्हा मुलगा. दोघांनाही वही पाठ होती, मग चुकणार कोण? हे आमच्यापैकी एकाच्याही आधी लक्षात आलं नाही. चारच्या चहाला सहा-सहा झाले.

मुलगा म्हणाला, "मावशी, सहा-सहा. आता टायब्रेकर."

"माझ्या कोर्टावर टायब्रेकर नव्हता."

"अहो, आता सगळीकडे असतो."

"सगळीकडे सिमेंटही असते."

"टायब्रेकर आला तेव्हा आधी त्या विलायतेच्या हिरवळीवर किती-किती झाल्यावर घेत?" बाबूंनी मध्येच विचारलं.

"आठ-आठ," मुलगा पटकन म्हणाला आणि स्वतःवरच चिडला. "बाबा, हा प्रश्न वहीतला नाही, हे तुम्ही मला..."

"बरोबर," बाबू म्हणाले. "पापड घे."

मी निकाल दिला. जुना नियम. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं. टेलरला आनंद झाला. "वो तीन दिन वाली मॅच याद आहे का? आखरी सेट सत्तर-अडुसष्ट! बोर्ड बिचारा सत्तेचाळीसवरच बंद पडला."

"चाचा, मला बुधवारी ऑफिस आहे."

"मग हार ना बेटा. कोण रोकून राह्यलं?"

वहीत प्रश्न तीस. ते संपले की टेलर पुन्हा पहिल्या पानावर यायचा. मुलाला तेच ते ऐकून वैताग आला होता. बाबूंना मात्र प्रत्येक प्रश्न नवा होता. "वा, चांगला काढला हा प्रश्न," असं ते टेलरला म्हणायचे. प्रश्न त्यांचेच होते. चेंडूतल्या केसांचा प्रश्न चौथ्यांदा आला तेव्हाही त्यांनी पहिल्यांदा सांगतो आहे अशा चेहऱ्याने सांगितलं, "केस!" आणि आमच्याकडे पाहिलं.

एक गिऱ्हाईक आलं होतं, महागावचं, लग्नाचा शर्ट न्यायला. त्याला शर्ट द्यायला कोणी उठेना. तो तास-दोन तास तिथेच बसला आणि जाताना म्हणाला, "ते बुढे जिंकाले पायजे." मी त्याला सांगितलं, प्रेक्षकांनी पॉइंट चालू असताना बोलायचं नाही. तो शर्ट न घेताच गेला.

उजेड कमी झाला तेव्हा चौदा-चौदा झाले होते. जुन्या नियमाने मी खेळ थांबवला. दुकानात दिवा होता, पण कोर्टावर नव्हता, आणि मी कोर्टाचा नियम धरून चालले होते. मुलाने कपाळाला हात लावला.

सोमवारी सकाळी बाबू ऑफिसचे कपडे घालून आले. काखेत फाइल. मुलाच्या समोर बसले, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीने विचारलं, "तुमी यवतमाळचे का?"

मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुण्याचा."

"पुण्याले टेनिस चांगलं आहे म्हणते. बसा, बसा. चहा घेतला का?"

टेलर माझ्याकडे पाहू लागला. हळूच म्हणाला, "बाई, बंद करा. ये मॅच नाही राह्यली आता."

मी म्हटलं, खेळाडू मैदानात आहे, खेळायचं म्हणतो, बंद कायले करू? आणि बाबूंना मोठ्याने सांगितलं, "बाबू, हा तुमचा पोरगा आहे. काल मॅच लावली. तुमी हरले त तुमाले घर सोडून पुण्याले जा लागते. कागद आहे."

बाबूंचा चेहरा एकदम जागेवर आला. "हो का? मंग हरायचं नाही," म्हणाले आणि फाइल बाजूला ठेवली.

आणि खरोखर हरेनात. पंधरा-पंधरा, सतरा-सतरा. मुलाचा घसा बसला. बाबूंचा आवाज मात्र खणखणीत. मला वाटायला लागलं की हे कधी संपणारच नाही आणि आम्ही चौघं इथेच म्हातारे होऊ. मग आठवलं, तिघं झालोच आहोत.

एकवीस-एकवीस झाल्यावर बाबू लघवीला जाऊन आले. येऊन बसले. गेम त्यांचा होता. टेलरने विचारलं, "नेट मधोमध किती उंच?"

"टीव्हीवर पांढरा दिसत नव्हता," बाबू म्हणाले.

ते उत्तर तासाभरापूर्वीच्या प्रश्नाचं होतं.

टेलर म्हणाला, "बाबूजी, नेट. नेट किती उंच?"

"प्रश्न दोनदा नाही," मी म्हटलं. "चूक. शून्य-पंधरा."

पुढच्या प्रश्नाला ते म्हणाले, तीन फूट. नेटचं उत्तर बरोबर होतं, पण आता प्रश्न ससाण्याचा होता. उत्तरं सगळी डोक्यात होती, फक्त एक एसटी उशिरा येत होती. त्यांनी तो गेम गमावला. मी सांगितलं, एकवीस-बावीस, मुलगा पुढे. टेलरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नेट खाली ओढलं. मी पाहिलंच नाही असं केलं.

आता गेम मुलाचा. तीन प्रश्न त्याने बरोबर दिले. दोन चुकवले, आणि ते मुद्दाम की थकून, हे मी सांगू शकत नाही. अंपायरने फक्त ऐकायचं असतं. चाळीस-तीस. हा पॉइंट त्याने घेतला की सेट त्याचा आणि बाबू पुण्याला.

टेलरने वहीत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. सोपा प्रश्न नको म्हणून तो पानं उलटत होता, हे मला वरून दिसत होतं. शेवटी विचारलं, "अगदी सुरुवातीच्या जमान्यात लॉन टेनिसच्या कोर्टाचा आकार कसा होता?"

मुलगा टेलरकडे पाहत राहिला. काही बोलेना. मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत थांबायचं, मग चूक.

तेवढ्यात समोर बसलेल्या बाबूंनी उजवा हात वर केला. मूठ अर्धी मिटली आणि मनगट इकडून तिकडे, इकडून तिकडे हलवू लागले. ओठ आवळलेले, भुवया वर, डोळे मुलाकडे. डमरू वाजवत होते. पोराला येत नाही असं वाटून बाप खूण करत होता, जशी जेवताना करायचा. कोणाच्या विरुद्ध खेळतो आहे ते त्याच्या डोक्यातून गेलं होतं.

"डमरूसारखा," मुलगा म्हणाला. "मधे नेटपाशी अरुंद."

"शाब्बास!" बाबू ओरडले. "शाब्बास पठ्ठे!"

टेलर उभा राहिला. "हा पॉइंट नाही! इशारा झाला! बाहेरून सांगाले मनाई आहे!"

मी विचार केला. बाहेरच्याने सांगायला मनाई आहे. बाबू बाहेरचे नव्हते, खेळाडू होते. समोरच्या खेळाडूने मदत करू नये असा नियम मी कधी ऐकला नाही, कारण एवढा येडा खेळाडू कोणी पाहिला नसेल. मी सांगितलं, "उत्तर बरोबर. गेम आणि सेट. तेवीस-एकवीस."

बाबू उठले. टेबलाला वळसा घालून मुलाकडे गेले आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "लय चांगलं खेळले तुमी. कोणाकडे उतरले? आज जेवाले आमच्याकडेच या."

मी त्यांच्यासमोर खाकी कागद धरला. दुसरं कोणी धरणार नव्हतं. त्यांनी चष्मा लावून वाचला, एकदा, दोनदा. सहीवर बोट फिरवलं.

"सही माझीच आहे," म्हणाले. "रेघही माझीच आहे." मग कागदाची घडी करून मला परत दिला. "रेकॉर्डले ठेवा. मी सामान भरतो." आणि घरी म्हणून डावीकडे चालू लागले. टेलर त्यांच्या मागे धावला, घर उजवीकडे होतं म्हणून.

दुकानात मी आणि मुलगा. मला टेबलावरून उतरवायला टेलर नव्हता. तो चष्मा पुसत म्हणाला, "मावशी, एक पॉइंट इकडचा तिकडे केला असता तर काय बिघडलं असतं?"

"तूच चूक उत्तर द्याचं होतं. तुले कोणी अडवलं होतं?"

"ठरवलं होतं मी. चौकोनी म्हणणार होतो." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्यांनी हात वर केला आणि तोंडातून निघूनच गेलं."

"मंग मले कायले बोलतं? उतरव मले खाली."

त्याने उतरवलं. मंगळवारी सकाळी मोटार भरली. बाबूंनी तुरीची डाळ घेतली, छत्री घेतली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. टेलर खूप रडला. मी गॅसचा सिलिंडर बंद केला, दोनदा पाहिला आणि किल्ली शेजारणीकडे दिली.

आता मंगळवारी टेलर आणि मी दोघंच बसतो. वहीत पाहिल्याशिवाय टेलरला उत्तर येत नाही, म्हणून मी सहा-शून्य जिंकते आणि घरी येते. संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. पहिल्या फोनला मी विचारलं, "बाबू, करमते का तिथं?"

"करमाचं काय घेऊन बसले बाई," बाबू कुजबुजत म्हणाले. "इथं एक माणूस भेटला. याच घरात राह्यते. चष्म्याचा. लय हुशार आहे. वही नाही, काही नाही, सगळं तोंडपाठ. रोज जेवताना बसतो आम्ही. अजून हरवलं नाही मी त्याले."

"पोरगा असन तो तुमचा."

"पोरगा वेगळा. पोरगा सकाळी ऑफिसले जाते. हा संध्याकाळी येते."

"मंग कळंबले कधी येता?"

"याले हरवल्याबिगर कसा येऊ? लोक काय म्हणतीन?"

मुलाने फोन घेतला. मी त्याला विचारलं, कितीवर आहे? तो म्हणाला, कालच्याला बत्तीस-बत्तीस. माझ्या गेमला आठवत नाही असं केलं की लगेच डमरू वाजवतात, मावशी, चुकूच देत नाहीत. मागे ताटाचा आवाज येत होता, आणि बाबू कोणाला तरी सांगत होते की पाहुण्याला आधी पापड वाढा.